सूर्याचा वारा आणि ताऱ्यांमधला वारा

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याला लागलें म्हणजे सातपूर येतें. एके काळचें हें शेतीवाडीचें खेडें आज कारखान्यांची मोठी वसाहत झालें आहे. तथापि जून महिन्याच्या आरंभीं, म्हणजे बहुधा ज्येष्ठांत, पावसाचे ढग येऊन ठेपण्यापूर्वीं, तेथील एखाद्या उंच गच्चीवरून मध्यरात्रीं दक्षिणेकडे नजर टाकली तर पांडवलेण्यांच्या डोंगराच्या वरच्या अंगाला वृश्चिकाचा आंकडा दिसतो. त्या आंकड्यांतला तांबूस तारा ती ज्येष्ठा. ज्येष्ठेच्या थोडी वर आणि किंचित् पूर्वेस, भुजंगधारी नांवाच्या तारकासमूहांत, एक जागा अशी आहे कीं तेथें डोळ्यांना विशेष असें कांहींच आढळत नाहीं. परंतु नेमक्या त्याच दिशेनें आपल्या सूर्यमालेंत एक वारा अखंड वाहत येत आहे. तो मुख्यत्वें हायड्रोजनचा, म्हणजे जुन्या रसायनग्रंथांतील उज्जवायूचा, वारा आहे. ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या एका विरळ मेघांतून सूर्य आपल्या परिवारासह चालला आहे. त्या चालण्यामुळें हा वारा सेकंदास सुमारें १६ मैल वेगानें आपल्या अंगावर येतो.

याच्या उलट दिशेनें दुसरा एक वारा सुटलेला असतो. तो खुद्द सूर्याचा. विद्युत्-भारित कणांचा हा प्रवाह सूर्यापासून चहूं दिशांस सेकंदास सरासरी २५० मैल वेगानें धांवतो आणि चार-सवाचार दिवसांत पृथ्वीपर्यंत पोंचतो. शास्त्रज्ञ त्यास सौरवात म्हणतात. हे दोन वारे एकमेकांस भेटतात तेव्हां काय घडतें, ग्रहांच्या मधल्या प्रांतांत उज्जवायूला कोणता आकार येतो, आणि ही गोष्ट माणसाला कळली तरी कशी, हा एका दीर्घ इतिहासाचा विषय आहे. त्या इतिहासाचीं आरंभींचीं कांहीं महत्त्वाचीं पानें महाराष्ट्रांत लिहिलीं गेलीं, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें.

आपल्या पूर्वजांनीं पंचमहाभूतांत वायु आणि आकाश हीं दोन तत्त्वें निरनिराळीं मानिलीं. वायूचें राज्य पृथ्वीजवळ. त्यापलीकडे आकाश, म्हणजे निव्वळ अवकाश. युरोपांतील विद्वानांचीहि एकोणिसाव्या शतकापर्यंत समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. सूर्याकडून पृथ्वीकडे प्रकाश, उष्णता आणि गुरुत्वाकर्षण एवढेंच येतें; मधली जागा रिकामी आहे, असें ते धरून चालत. या समजुतीला पहिला धक्का दुर्बिणीनें दिला नाहीं. तो दिला धाग्यांनीं टांगलेल्या लोहचुंबकानें.

मुंबईच्या दक्षिण टोंकास कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं उभारिली. बंदरांतील जहाजांना अचूक वेळ सांगणें हा तिचा मूळ हेतु. पुढें १८४० च्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन एकाच वेळीं जगाच्या अनेक भागांत करावें अशी चळवळ युरोपांत उठली, आणि १८४१ पासून कुलाब्यासहि हवामानाच्या जोडीला चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक ऑर्लिबार यांजकडे त्या कामाची सूत्रें आलीं. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांचाहि या वेधशाळेच्या कामाशीं निकट संबंध होता. अलिबागेनजीकच्या नागांवीं जन्मलेले आणि पुढें पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून नांवाजलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, ऐन उमेदींत याच वेधशाळेंत नोकरीस होते.

तें काम कसें होतें याची कल्पना केली पाहिजे. बंद खोलींत एक लोहचुंबक टांगलेलें असे. त्याला लहानसा आरसा जोडलेला असे. पृथ्वीच्या चुंबकशक्तींत केसभर फरक पडला तरी तें चुंबक किंचित् वळे, आणि दूर ठेविलेल्या दुर्बिणींतून पाहिलें असतां आरशांत दिसणाऱ्या मोजपट्टीवरील आंकडा बदले. निरीक्षकानें ठराविक वेळीं दुर्बिणीस डोळा लावावयाचा, आंकडा वाचावयाचा आणि वहींत लिहावयाचा. रात्र असो, पाऊस असो, सणवार असो, या क्रमांत खंड नाहीं. हा आंकडा कां बदलतो हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसे. त्याच्या वरिष्ठांनाहि तें ठाऊक नव्हतें. फळ केव्हां मिळेल याची खात्री नसतां केलेलें असें काम आपल्याकडे फारसें वाखाणलें जात नाहीं. पण विज्ञानाचा पाया पुष्कळदां त्याच कामानें घातला जातो.

१८५९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १ तारखेस इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत होता. सकाळीं सव्वाअकराच्या सुमारास एका मोठ्या डागसमूहांत त्याला एकाएकीं डोळे दिपविणारें पांढरें तेज दिसलें, आणि पांच मिनिटांत तें मावळलें. रिचर्ड हॉजसन नांवाच्या दुसऱ्या एका निरीक्षकासहि तेंच दिसलें. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर जें चुंबकी वादळ उठलें त्याला इतिहासांत तोड नाहीं. ध्रुवांच्या जवळपास दिसणारे रंगीत प्रकाशाचे पडदे उष्ण कटिबंधापर्यंत उतरले. युरोपांत आणि अमेरिकेंत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अनेक वेधशाळांतील मापकें आपल्या मोजपट्ट्या ओलांडून गेलीं आणि त्यांच्या नोंदी तुटल्या.

कुलाब्याची नोंद तुटली नाहीं. २ सप्टेंबरच्या सकाळीं मुंबईच्या निरीक्षकांना वादळाची चाहूल लागतांच त्यांनीं तासातासाचा नेम सोडून अवघ्या कांहीं मिनिटांच्या अंतरानें आंकडे टिपण्यास सुरुवात केली. दुपार होण्याच्या सुमारास पृथ्वीची आडवी चुंबकशक्ति आजच्या मापानें सुमारें १६०० नॅनोटेस्ला इतकी खालीं कोसळली, म्हणजे एकंदर शक्तीच्या शेंकडा चारांच्या आसपास. आणि मग झपाट्यानें सांवरली. विषुववृत्ताकडील प्रदेशांतून त्या वादळाचा एवढा पूर्ण आलेख दुसरा उपलब्ध नाहीं. ज्यांनीं तो टिपला त्यांनीं तो दप्तरांत ठेवून दिला, आणि तो पुढें जवळजवळ दीडशें वर्षें तेथेंच राहिला.

बारा वर्षांनीं, १८७२ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, रविवारीं, तसाच प्रसंग पुन्हां आला. या खेपेस मुंबईकरांनीं ध्रुवप्रकाश आपल्या डोळ्यांनीं पाहिला. सूर्यास्तानंतर आकाशांत दिसूं लागलेली ती प्रभा दुसऱ्या दिवशींच्या पहांटेपर्यंत टिकल्याचें, आणि समुद्राखालून जाणाऱ्या तारेवरील संदेश कांहीं तास बंद पडल्याचें त्या वेळच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'नें छापिलें. अवघ्या १९ अक्षांशांवरील शहरांत हें दिसावें ही फार दुर्मिळ गोष्ट होय.

सूर्यावर कांहीं घडतें आणि पृथ्वीवरील चुंबक थरथरतें, हा योगायोग कीं कार्यकारणभाव? डागांची संख्या सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें कमीजास्त होते आणि चुंबकी वादळेंहि त्याच फेऱ्यानें वाढतात-घटतात, हें १८५२ पासून माहीत झालें होतें. पण १८९२ सालीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन यांनीं आपल्या भाषणांत एक हिशेब मांडला. मध्यम प्रतीचें वादळ आठ तास चालवावयाचें तर सूर्याला चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी शक्ति खर्चावी लागेल. तेव्हां हा संबंध संभवत नाहीं, असा त्यांचा निर्णय पडला. हिशेब बिनचूक होता. गृहीत मात्र चुकीचें होतें. सूर्याचा प्रभाव लहरींच्या रूपानें सर्व दिशांस सारखा पसरतो असें केल्व्हिन यांनीं धरलें होतें. सूर्याकडून पदार्थच झोतासारखा फेंकला जात असेल, ही कल्पना त्या हिशेबांत नव्हती.

याच काळांत कुलाब्याच्या वेधशाळेचीं सूत्रें डॉ. नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस यांच्या हातीं आलीं. १८९६ सालीं त्या जागीं बसणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढें मोठा पेंच उभा राहिला. मुंबईच्या ट्रामगाड्या तोंपर्यंत घोडे ओढीत. आतां त्या विजेवर चालविण्याचें ठरत होतें. विजेच्या प्रवाहाभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें. म्हणजे ट्राम सुरू झाली कीं कुलाब्याचे आंकडे कायमचे बिघडणार. शहराची सोय अडवावी कीं साठ वर्षांची अखंड नोंद मोडूं द्यावी? मूस यांनीं तिसरा मार्ग पत्करिला. समुद्रापलीकडे अलिबागेस नवी चुंबकी वेधशाळा बांधण्यांत आली. सह्याद्रीचा काळा पाषाण, जो सातपुरास आणि साऱ्या नाशिक प्रांतांत पायांखालीं आहे, तो स्वतःच थोडा चुंबकी असतो. म्हणून इमारतीसाठीं पोरबंदरचा दगड आणविला. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजणी करून एका जागेचे आंकडे दुसरीच्या आंकड्यांशीं जुळवून घेतले आणि मग कुलाब्याचें चुंबकमापन थांबविलें. १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. मुंबईची सोय झाली आणि नोंदहि वांचली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या आंकड्यांचा मूस यांनीं केलेला अभ्यास दोन भागांत १९१० सालीं प्रसिद्ध झाला. जगांतील चुंबकशास्त्रज्ञ आजहि त्याचा आदरानें उल्लेख करितात.

आतां सूर्याकडे वळलें पाहिजे. सूर्यबिंबाच्या सभोंवतीं एक मोतिया रंगाचें प्रभामंडळ आहे. बिंबाच्या तेजापुढें तें एरव्हीं लोपून जातें. खग्रास ग्रहणाच्या वेळींच कायतें दिसतें. १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस अशा ग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर या लहानशा स्टेशनाजवळ पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं आपला तळ ठोकला. भावनगरच्या महाराजांच्या साहाय्यानें पुण्यास स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेहि जेऊरलाच आले होते. सुमारें दोन मिनिटांच्या काळोखांत प्रभामंडळाचीं छायाचित्रें आणि वर्णपट घेण्यांत आले.

त्या वर्णपटांत एक हिरवी रेषा असे. ती कोणत्या मूलद्रव्याची हें कोणास उमगेना. म्हणून 'कोरोनियम' नांवाचें एक नवें मूलद्रव्यच कल्पिलें गेलें होतें. १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वीडनच्या एडलेन यांनीं दाखवून दिलें कीं ती रेषा साध्या लोखंडाची आहे. पण तें लोखंड असें कीं ज्याच्या प्रत्येक अणूचे तेरा इलेक्ट्रॉन गळून पडले आहेत. अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंशांचा आणि त्याभोंवतालची विरळ प्रभा दहा लाखांवर! एवढ्या तापलेल्या वायूला सूर्याचें गुरुत्वाकर्षण बांधून ठेवूं शकेल काय?

उत्तर देण्याचा मान अमेरिकेंतील शिकागोचे यूजीन पार्कर यांना मिळाला. त्याआधीं, १९५१ सालीं, जर्मनींतील बीरमान यांनीं धूमकेतूंच्या शेंडीवरून एक अनुमान काढलें होतें. धूमकेतु सूर्याकडे येत असो वा सूर्यापासून दूर जात असो, त्याचें वायुमय पुच्छ सदैव सूर्याच्या उलट दिशेसच असतें. केवळ प्रकाशाच्या दाबानें हें घडणार नाहीं. सूर्याकडून कणांचा प्रवाह सारखा येत असलाच पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. पार्कर यांनीं १९५८ सालीं गणितानें सिद्ध केलें कीं चुलीवरचें दूध जसें भांड्यांत राहत नाहीं, तसें हें प्रभामंडळ सूर्यापाशीं राहूंच शकत नाहीं. तें उतूं जातें, आणि दूर जातां जातां त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पट वाढतो. ज्या नियतकालिकाकडे हा निबंध गेला त्याच्या दोन परीक्षकांनीं तो नापसंत केला. संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाहि ती कल्पना पटली नव्हती. पण गणितांत चूक सांपडेना, तेव्हां निबंध छापणें हेंच आपलें कर्तव्य आहे असें त्यांनीं ठरविलें. मत न पटतांहि दुसऱ्याच्या युक्तिवादास न्याय देण्याचें हें उदाहरण विद्याक्षेत्रांत कायम स्मरणांत राहण्यासारखें आहे. अवघ्या चार वर्षांत पार्कर यांची बाजू खरी ठरली. १९५९ सालीं रशियन चांद्रयानांना या कणांची चाहूल लागली, आणि १९६२ सालीं शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या अमेरिकन यानास वाटेंत हा वारा महिनोन् महिने, एक दिवसहि न खंडतां, लागत राहिला.

या वाऱ्याची विरळता ध्यानांत घेण्याजोगी आहे. आपण श्वासावाटे घेतों त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरांत २७ वर १८ शून्यें इतके रेणु असतात. पृथ्वीजवळच्या सौरवातांत तेवढ्याच जागेंत सरासरी पांच-सहा प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन. तरीहि सूर्य एवढा प्रचंड कीं या वाटेनें तो दर सेकंदास दहा लाख टनांहून अधिक द्रव्य उधळून टाकतो.

आतां उज्जवायूची कथा. हायड्रोजनच्या अणूवर सूर्याचा प्रकाश पडला कीं तो अणु एका ठराविक अतिनील रंगांत चमकतो. या रंगास लायमन-आल्फा म्हणतात. डोळ्यांना तो दिसत नाहीं आणि आपलें वातावरण त्याला जमिनीपर्यंत येऊं देत नाहीं. सूर्याचा असा प्रकाश पाहावयाचा तर उपकरणें वातावरणाच्या वर न्यावीं लागतील, हा विचार मेघनाद साहा यांनीं १९३७ सालींच मांडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अग्निबाणांमुळें तें शक्य झालें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन अग्निबाणांनीं रात्रीच्या वेळीं वर जाऊन पाहिलें, तों सारें आकाश लायमन-आल्फाच्या मंद उजेडानें भरलेलें आढळलें. हा उजेड कोठला? कोणी म्हणालें, पृथ्वीच्याच सभोंवतालच्या हायड्रोजनचा. कोणी म्हणालें, ग्रहांच्या मधल्या जागेंतला. कोणी त्याचें मूळ दूरच्या ताऱ्यांपाशीं शोधलें.

हा वाद मिटविला ओजीओ-५ या अमेरिकन उपग्रहानें, १९६९-७० सालीं. त्याची युक्ति आगगाडीनें प्रवास करणाऱ्या कोणासहि समजेल. खिडकींतून पाहतांना दूरचा डोंगर जागच्या जागीं दिसतो, पण जवळचें झाड भराभर मागें सरकतें. पृथ्वी ही अशीच एक गाडी आहे. तिनें सूर्याभोंवतीं कांहीं महिन्यांची वाट चालून झाल्यावर पाहिलें, तों त्या उजेडाची सर्वांत तेजस्वी जागा आकाशांत सरकलेली दिसली. अर्थात् ती ताऱ्यांइतकी दूर असणें शक्य नव्हतें. सूर्य-पृथ्वी अंतराच्या अवघ्या कांहीं पटींतच ती असली पाहिजे. एका फ्रेंच आणि एका अमेरिकन गटानें १९७१ सालीं हा निष्कर्ष स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. ताऱ्यांमधला उज्जवायु आपल्या अंगणांत येतो, हें त्या दिवशीं ठरलें.

पण तो अंगणांत येतो, माजघरांत येत नाहीं. सीमेवर दर दहा घन सेंटिमीटरांत त्याचे एखाद-दुसरा असे अणु असतात. ते सूर्याच्या दिशेनें निघतात. विद्युत्-भार नसल्यामुळें सूर्याचें चुंबकी क्षेत्र त्यांना अडवूं शकत नाहीं. मात्र सूर्याच्या जसजसें जवळ यावें तसतसा सौरवात दाट होत जातो. वाटेंत एखादा धांवता प्रोटॉन या संथ अणूच्या अगदीं जवळून जातो आणि त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. क्षणांत भूमिका पालटतात. लुटणारा प्रोटॉन स्वतः हायड्रोजनचा पूर्ण अणु होतो आणि आपल्या मूळच्या वेगानें बाहेर निघून जातो. लुटला गेलेला अणु आतां नुसता प्रोटॉन उरतो, आणि त्याला सौरवाताचें चुंबकी क्षेत्र आपल्याबरोबर उलट दिशेस ओढून नेतें. हायड्रोजनच्या बहुतेक अणूंचा शेवट असा होतो. उरलेल्यांपैकीं कित्येकांचे इलेक्ट्रॉन सूर्याच्या अतिनील प्रकाशामुळें सुटतात. परिणाम असा कीं सूर्याभोंवतीं हायड्रोजनविरहित अशी एक मोठी पोकळी कोरली जाते, आणि आपली पृथ्वी त्या पोकळीच्या आंतच फिरते.

या पोकळीचा आकार गोल नाहीं. नाशिकच्या लोकांना त्याची कल्पना सहज येईल. गोदावरीच्या पात्रांत दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर येतो तेव्हां प्रवाह एका अंगानें त्याच्यावर आदळतो, आणि पाठीमागें लांबवर पाण्याचें रूप बदललेलें राहतें. तद्वत् ज्येष्ठेच्या बाजूनें येणारा उज्जवायु सूर्याच्या पुढें कांहीं अंतरावर संपतो. मागच्या बाजूस मात्र त्याचा अभाव लांबच लांब शेपटासारखा पसरतो. भेद इतकाच कीं मारुती पाणी नुसतें बाजूस सारतो. सूर्य येणारा वायु गिळून त्याचें रूपांतर करून टाकतो.

हीलियम वायूची गोष्ट याहून निराळी आहे. तो याच वाऱ्याबरोबर येतो, पण आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, आणि त्यामुळें पुष्कळ आंतपर्यंत टिकतो. हायड्रोजनवर सूर्यप्रकाशाचा दाब आणि गुरुत्वाकर्षण यांची जवळजवळ बरोबरी होते. हीलियमवर तसा दाब नसल्यामुळें गुरुत्वाकर्षण त्याला वळवितें आणि सूर्याच्या पाठीमागें शंकूसारखें एकत्र करितें. दर वर्षीं डिसेंबराच्या आरंभीं, मार्गशीर्षाच्या सुमारास, पृथ्वी या शंकूमधून जाते. त्या दिवसांत सातपुरास मध्यरात्रीं जवळजवळ डोक्यावर, रोहिणीच्या थोडें पूर्वेस, ती दिशा असते. ज्येष्ठाच्या महिन्यांत ज्येष्ठेकडून वाऱ्यास सामोरें जावयाचें आणि मार्गशीर्षांत रोहिणी-मृगाच्या बाजूस त्याची पाठ पाहावयाची, असा पृथ्वीचा वार्षिक परिपाठ आहे.

दुतोंड्या मारुतीचा दृष्टांत आणखी एका अर्थानें उपयोगी पडतो. पाणी मूर्तीच्या कुठवर आलें यावरून नाशिककर पुराची पातळी सांगतात. नदींत उतरण्याची त्यांना गरज पडत नाहीं. त्याचप्रमाणें उज्जवायु कोठें किती नष्ट झाला हें पाहिलें कीं जेथें यान गेलेलें नाहीं तेथील सौरवाताचें बळ कळतें. १९९५ च्या डिसेंबरांत आकाशांत गेलेल्या सोहो या यानावरील 'स्वान' नांवाचें फ्रेंच-फिनिश उपकरण हेंच काम करितें. तें साऱ्या आकाशाचा लायमन-आल्फा नकाशा उतरवितें. सूर्य शांत असतां त्या नकाशांत ग्रहांच्या फिरण्याच्या पातळीलगत एक अंधुक चर दिसतो. अर्थ असा कीं सूर्याच्या मध्यपट्ट्यांतून निघणारा कणांचा ओघ ध्रुवांकडील ओघापेक्षां अधिक असतो आणि तो तेथील हायड्रोजन अधिक खातो. सूर्याचें अकरा वर्षांचें चक्र माथ्यावर आलें म्हणजे वारा सर्व बाजूंनीं एकसारखा होतो आणि तो चर बुजतो. युलिसिस हें यान १९९४-९५ सालीं सूर्याच्या दोन्ही ध्रुवांवरून गेलें तेव्हां तेथें मध्यपट्ट्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा, पण विरळ, वारा आढळला. दोन साक्षी एकमेकींशीं जुळल्या. इतकेंच नव्हे, तर सूर्याच्या पाठच्या बाजूस एखादा प्रक्षुब्ध प्रदेश उगवला तर त्याचा अतिनील झोत दीपस्तंभाच्या झोतासारखा उज्जवायूवर फिरतांना दिसतो. आणि तो डाग आपल्याकडे वळण्याआधींच त्याची वर्दी मिळते.

सौरवाताचें राज्य तरी कोठवर? व्हॉयेजर-१ हें यान १९७७ सालीं निघालें आणि २५ ऑगस्ट २०१२ रोजीं, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारें १२२ पट दूर, तें त्या राज्याच्या वेशीबाहेर पडलें. व्हॉयेजर-२ ने तीच वेस ५ नोव्हेंबर २०१८ रोजीं ओलांडली. वेशीच्या बाहेर, येणारा उज्जवायु थबकतो आणि दाटतो. त्यास 'हायड्रोजनची भिंत' असें नांव पडलें आहे. तिच्या खुणा हबल दुर्बिणीनें जवळच्या ताऱ्यांच्या प्रकाशांत ओळखल्या. वेशींतून आंत शिरतांना हायड्रोजनची दिशा हीलियमच्या दिशेपासून कांहीं अंशांनीं ढळते, आणि त्या ढळण्यावरून ताऱ्यांमधल्या चुंबकी क्षेत्राचा कल ताडतां येतो.

हा सारा प्रपंच शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरताच आहे असें कोणी समजूं नये. १९८९ च्या मार्चांत एका चुंबकी वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पाडली आणि साठ लाख लोक अंधारांत बसले. विजेवर, उपग्रहांवर आणि त्यांच्या घड्याळांवर चालणाऱ्या आजच्या जगांत १८५९ सारखें वादळ आलें तर किती हानि होईल, हा प्रश्न आतां सरकारें आणि वीजकंपन्या गंभीरपणें विचारतात. त्याचें उत्तर देण्यासाठीं आधीं हें कळावें लागतें कीं तें वादळ होतें तरी केवढें. येथें कुलाब्याचें दप्तर उघडलें गेलें. २००३ सालीं सुरुतानी आणि गोन्सालेस यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनीं १८५९ च्या त्या आंकड्यांवरून वादळाचें मान ठरविलें, आणि आज जगांतील प्रत्येक गणनेंत तें मान विचारांत घ्यावें लागतें. कुलाबा वेधशाळेच्या परंपरेंतूनच १९७१ सालीं स्वतंत्र झालेली ही संस्था आतां नव्या पनवेलीस आहे, आणि अलिबागचें मापन अद्याप चालू आहे.

भारतानेंहि आतां सूर्याच्या वाऱ्यांत आपलें स्वतःचें यान उभें केलें आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेलें आदित्य-एल१ हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें सव्वानऊ लाख मैलांवरील आपल्या जागीं पोंचलें. सौरवाताचे कण मोजणारें त्यावरील एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधनशाळेनें घडविलें, आणि सूर्याचीं अतिनील चित्रें घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली. पार्कर यांचें नांव दिलेलें अमेरिकन यान २४ डिसेंबर २०२४ रोजीं सूर्याच्या पृष्ठभागापासून ३८ लाख मैलांपर्यंत जाऊन आलें. जो निबंध दोघां परीक्षकांना छापण्याच्या योग्यतेचा वाटला नव्हता, त्याचा पडताळा आतां वाऱ्याच्या उगमापाशीं जाऊन घेतला जात आहे.

यांतील एकहि गोष्ट एका माणसाच्या किंवा एका देशाच्या हातून झाली नाहीं. धूमकेतूची शेंडी जर्मनींत पाहिली गेली, ग्रहणाची प्रभा जेऊरला टिपली गेली, निबंध शिकागोस लिहिला गेला, आणि वादळाचा आलेख मुंबईंत राखला गेला. १८५९ च्या त्या सकाळीं कुलाब्यास दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या निरीक्षकांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. सौरवात हा शब्द त्यांनीं ऐकला नव्हता. ग्रहांच्या मधल्या उज्जवायूची तर त्यांना कल्पनाहि असणें शक्य नव्हतें. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं मोजपट्टीवरचा आंकडा वेड्यासारखा धांवूं लागला असतां उपकरण बिघडलें असें म्हणून ते उठून गेले नाहींत. जें दिसलें तें, जसें दिसलें तसें, त्यांनीं लिहून ठेविलें.